फ्लुरोयुरासिल क्रीम, काही महिन्यांनंतर (घरात कुत्रं-मांजर असेल तर आधी हे वाचा)

उन्हाने कातडीवर उठणाऱ्या आणि पुढे कॅन्सरमध्ये बदलू शकणाऱ्या सनस्पॉटवर फ्लुरोयुरासिल ५ टक्के लावून आता बरेच महिने झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. लिहायचं कारण म्हणजे इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या एकजणीने माझं कपाळ बघून उरलेली ट्यूब मागितली, वांगावर लावून बघते म्हणाली. तिला सरळ नाही म्हटलं आणि का ते बसून समजावलं, पण असं अजून कितीजणींना वाटत असेल ते माझ्या डोक्यातून जाईना. बायांनो, ही गोरं करायची क्रीम नाही. हे कॅन्सरच्या केमोचं औषध आहे, फक्त सलाईनमधून न देता कातडीवर लावायचं. वांगावर लावाल तर कातडी सोलवटून निघेल आणि भरून येताना आपल्या रंगाला उलट जास्त काळं पडायची भीती.

माझं थोडक्यात. आईने दिलेल्या किडनीवर मी कित्येक वर्षं ठणठणीत आहे, ऑपरेशन पुण्याला झालं आणि मग आम्ही ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आलो. ॲझाथायोप्रिन, म्हणजे शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची गोळी, तेव्हापासून चालू आहे, ती किडनी सांभाळते पण कातडीला उन्हातल्या यूव्हीए किरणांपुढे हळवं करून ठेवते, वर प्रतिकारशक्ती दाबलेली, त्यात मी रत्नागिरीकडची गोरी घारी, आणि नोकरी रोपांच्या नर्सरीत म्हणजे निम्मा दिवस उघड्यावर. आपल्या लोकांना असलं काही होत नाही हे इथल्या मराठी मंडळींच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही आहे, मेलॅनिन आपल्याला राखतं. पण ट्रान्सप्लांट झालेल्यांना तो हिशेब लागू नाही, त्यांच्यात स्क्वेमस नावाच्या कातडीच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांच्या कितीतरी पट जास्त असतं. त्यामुळे तुमच्या घरात कुणी ट्रान्सप्लांटवालं असेल तर रंग न बघता वर्षातून एकदा तरी स्किन चेक करून घ्या, ही विनंती समजा.

माझे सनस्पॉट, म्हणजे ॲक्टिनिक केराटोसिस, कपाळावर, उजव्या कानशिलावर आणि नाकाच्या शेंड्याला होते. डोळ्यांना धड दिसायचेही नाहीत, पण बोट फिरवलं की खरखर लागायची, भाकरीच्या तव्याला पीठ चिकटून वाळावं तशी. आधी एकेक डाग लिक्विड नायट्रोजनने गोठवून झाला, पण चार गेले की सहा नवे, शेवटी डॉक्टर म्हणाल्या की आता सुटे डाग मोजण्यात अर्थ नाही, अख्खा भागच खराब झालाय, क्रीम लावू. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका अभ्यासात असा एकेक डाग कॅन्सरमध्ये बदलायचं प्रमाण वर्षाला ०.६ टक्के आणि चार वर्षांत २.५७ टक्के निघालं होतं. वाचून आमचे हे म्हणाले, मग कशाला उगाच चेहऱ्याचे हाल करून घेतेस? पण तो आकडा एका डागाचा आहे. डाग डझनावारी असले आणि अंगात रोज प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या जात असल्या की बेरीज वेगळी होते.

दुसरी क्रीम इमिक्विमॉड, पण ती प्रतिकारशक्तीला चेतवून काम करते म्हणून ट्रान्सप्लांटवालीला डॉक्टरांना ती नको होती. शिवाय २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ६०० हून जास्त पेशंटवर चार उपाय तपासले होते, त्यात वर्षभरानंतर फ्लुरोयुरासिलचं यश ७४.७ टक्के, इमिक्विमॉडचं ५३.९, क्रीम लावून लाइट देतात त्या पीडीटीचं ३७.७ आणि इन्जेनॉल जेलचं २८.९. म्हणजे सगळ्यात जुनं औषध सगळ्यात वर! १९५७ सालचं हे रसायन, विस्कॉन्सिनमध्ये हायडेलबर्गर यांनी पोटातल्या वगैरे कॅन्सरसाठी काढलेलं, आणि मग शिरेतून ते घेणाऱ्या पेशंटचे चेहऱ्यावरचे सनस्पॉट आधी लाल होऊन मग नाहीसे होताना दिसले, तिथून क्रीमची कल्पना आली.

इन्जेनॉलचं नाव वाचून मी चमकले कारण ते ज्या तणापासून काढतात ते मी कामावर रोज कुंड्यांतून उपटते. पेटी स्पर्ज, इथले जुने लोक रेडियम वीड म्हणतात, खुडलं की पांढरा चीक येतो. तो चीक सनस्पॉटला लावायची इथे जुनी चाल आहे. त्याच्यापासून बनवलेलं जेल युरोपात २०२० मध्ये बाजारातून काढून घेतलं, कातडीच्या कॅन्सरच्याच शंकेवरून. तेव्हा कुणी कुंडीतला चीक लावायला सांगितला तर लावू नका, डोळ्यात गेला तर फार वाईट.

आता खरं वापराचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं दिवसातून दोनदा, पातळ थर, तीन आठवडे, सोसलं तर चार, आणि हिवाळ्यात सुरू करायचं. ब्रिस्बेनचा हिवाळा म्हणजे जुलै, पण इथे जुलैतही भर दुपारी यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या यूव्हीच्या जोराचा आकडा, ३ च्या वर, कातडीला जपावं लागेल इतका जातो, त्यामुळे टोपी आणि सनस्क्रीन सुटत नाहीच. सुरुवातीचे काही दिवस काहीच होईना. अक्षरशः काही नाही. मी त्या चिमूटभर २० ग्रॅमच्या ट्यूबकडे बघायचे आणि किंमत आठवायची, त्या पैशात आमचा आठवड्याचा भाजीपाला निघाला असता, आणि मनात आलं की हे सगळं थोतांड आहे. तेव्हा लिहिलं असतं तर एक तारा दिला असता.

मग आठवडा उलटताना कपाळावर ठिपके उठले. आणि जिथे मला काहीच माहीत नव्हतं तिथेही उठले, भुवईच्या वर, केसांच्या कडेला. बिघडलेल्या पेशी भराभर वाढत असतात आणि हे औषध वाढणाऱ्या पेशींचं डीएनए बनणंच अडवतं, म्हणून चांगली कातडी त्या मानाने शांत राहते आणि लपलेले डाग आपोआप उघडे पडतात. हे बघून माझं मत पहिल्यांदा बदललं, पैसे वाया गेले नाहीत एवढं कळलं. पण दुसरा-तिसरा आठवडा कठीण. आग, चुरचुर, रस, खपल्या, हसलं की नाकाशेजारची खपली तडकायची, साधं पाणी लागलं तरी झोंबायचं. माहितीपत्रकात आणि नेटवर सगळे फोटो गोऱ्यापान लोकांचे, लालबुंद. माझं काही लालबुंद झालं नाही, जांभळट-तांबूस झालं, आणि मला वाटलं काहीतरी वेगळंच बिघडतंय. क्लिनिकला फोन केला तर नर्सने फोटो मागवला आणि सांगितलं की सावळटपणा असलेल्या कातडीवर लाली अशीच दिसते, चालू ठेवा. हे एक वाक्य त्या पत्रकात छापायला काय जातं?

पण माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा आहे, शेल्टरमधून आणलेला, माणसाचं तोंड चाटल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. रात्री माझ्या पायाशी झोपतो आणि पहाटे उशीपर्यंत पोचतो. ट्यूब देताना केमिस्टने ऊन टाळा सांगितलं, डोळ्यांपासून लांब सांगितलं, हात धुवा सांगितलं, गरोदरपणात चालत नाही हेही सांगितलं (आणि हे औषध अंगात मोडून काढणारं डीपीडी नावाचं एन्झाइम कमी असेल त्यांनाही चालत नाही, ते डॉक्टरांनी आधीच विचारलं होतं). घरात जनावर आहे का हे कुणी विचारलं नाही. डब्यावर स्टिकर नाही. मी रात्री खाज सुटली म्हणून उठून फोनवर वाचत बसले होते तेव्हा कळलं की ही क्रीम कुत्र्या-मांजरांना जीवघेणी आहे, थोडीशी पोटात गेली तरी. अमेरिकेच्या एफडीए ह्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये तसा इशारा दिलाय, पाच कुत्री मेल्याच्या नोंदी आल्यावर. एका घरात दोन कुत्री ट्यूबशी खेळत होती, एकाचा दात ट्यूबमध्ये घुसला, मालकाने लगेच काढून घेतली तरी दोन तासांत त्याला उलट्या सुरू झाल्या, झटके आले आणि बारा तासांत ते गेलं.

तो पायाशी घोरत होता आणि माझे हातपाय गार पडले. त्याच रात्री उशीचा अभ्रा, चादर, त्याचं पांघरूण सगळं मशीनमध्ये टाकलं, ह्यांना उठवलं, मोतीची रवानगी हॉलमध्ये. सकाळी व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, फोन केला, त्यांनी लक्षणं सांगितली, नीट लक्ष ठेवायला लावलं, सुदैवाने त्याला काही झालं नाही. त्यानंतर ट्यूब वरच्या कपाटात झाकणाच्या डब्यात, क्रीम लावायची ती कापसाच्या काडीने आणि बाथरूमचं दार लावून, काडी पिशवीत गाठ मारून बाहेरच्या कचऱ्यात, खपली पडली तरी उचलून टाकायची, आणि उपचार संपून कातडी बंद होईपर्यंत त्याला चेहऱ्याजवळ येऊ द्यायचं नाही. तो दाराबाहेर बसून कुंई कुंई करायचा. मला आगीपेक्षा त्याचा जास्त त्रास झाला. पुन्हा सांगते, डॉक्टर किंवा केमिस्ट विचारोत न विचारोत, तुम्ही स्वतःहून सांगा की घरात कुत्रं आहे, मांजर आहे, आणि चाटलं असेल अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता व्हेटकडे धावा.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी बघून थांबवायला सांगितलं, झालं तेवढं पुरे म्हणाल्या. मग नुसतं व्हॅसलीन. गणपती आले तेव्हा चेहरा भरून यायला लागलेला पण कपाळ अजून गुलाबी-चट्ट्याचं, आरतीला गेले तर प्रत्येकीने विचारलं, अगं तेल उडालं का? एका आजींनी तर हळदीचा लेप सांगितला. लाज वाटून घरी बसू नका, पण जाणार असाल तर सांगायचं उत्तर आधी ठरवून जा. मी सगळ्यांना खरं तेच सांगितलं, आणि त्यातल्या एकींच्या नवऱ्याची स्किन चेकची अपॉइंटमेंट त्यामुळे झाली, ह्याचा मला फार आनंद आहे.

आता निकाल. कपाळावरून बोट फिरवलं की गुळगुळीत लागतं. कानशिलही साफ. नाकाच्या शेंड्याचा एक हट्टी डाग उरला, तो नायट्रोजनने काढला. भुवईवर एक तपकिरी सावली राहिली आहे, जळजळ होऊन गेल्यावर आपल्या कातडीवर राहते तशी, हळूहळू फिकी होतेय. डॉक्टरांनी आणखी एका अभ्यासाचं सांगितलं, २०१८ चा, ९३२ माजी सैनिकांचा, त्यात चेहऱ्या-कानांना ह्या क्रीमचा एकच कोर्स दिल्यावर पुढच्या वर्षभरात ऑपरेशन करावं लागेल असे स्क्वेमस कॅन्सर ७५ टक्क्यांनी कमी झाले. ते वाचल्यावर भाजीपाल्याचा हिशेब मी सोडून दिला. सनस्क्रीनचंही तेच, आमच्यापासून वर सनशाइन कोस्टला नॅम्बूर आहे, तिथे १६०० हून जास्त लोकांवर नव्वदच्या दशकात अभ्यास झाला, रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस कॅन्सर जवळपास ४० टक्के कमी. रोज म्हणजे रोज, ढग असले तरी.

औषधाला पाच तारे. ट्यूबच्या आकाराला आणि त्या बिनस्टिकरच्या डब्याला एकही नाही. एवढ्याशा कपाळाला २० ग्रॅम कुठे लागतात, निम्म्याहून जास्त उरली, आणि उघडलेली ट्यूब पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवू नका असं सांगितलं, मग छोटी ट्यूब काढा ना. कचऱ्यात टाकायची नाही, बेसिनमध्ये पिळायची तर अजिबात नाही, कुणाला द्यायची नाही. ऑस्ट्रेलियात कुठल्याही फार्मसीत नको असलेली औषधं फुकट परत घेतात, मी तिथे नेऊन दिली आणि काउंटरवरच्या मुलीला कुत्र्यांचं सगळं सांगितलं. तिने लिहून घेतलं.

येत्या जुलैत हातांचा नंबर आहे, विशेषतः उजवा, गाडी चालवताना खिडकीकडचा, काचेतून यूव्हीए येतंच. ह्यावेळी डॉक्टर हीच क्रीम सोरायसिसवरच्या कॅल्सिपोट्रिऑल नावाच्या मलमात मिसळून द्यायचा विचार करतायत, फक्त चार दिवस लावायचं. २०१७ च्या अभ्यासात चार दिवसांच्या त्या मिश्रणाने डाग सरासरी ८७.८ टक्के कमी झाले होते, आणि व्हॅसलीनबरोबर फ्लुरोयुरासिल चार दिवस लावणाऱ्यांचे २६.३. हातांची कातडी जाड, त्यामुळे चेहऱ्याइतकं छान होईल असं धरून चालत नाही. पण तीन आठवड्यांऐवजी चारच दिवस मोतीला लांब ठेवायचं असेल तर मी आत्ता तयार आहे. झालं की हातांचंही इथेच लिहीन.