एकोणीस सेकंदांचे रडणे

दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनात गेल्या आठवड्यात कोल्हापुरातील काही तरुणांनी बनवलेला चोवीस मिनिटांचा एक लघुचित्रपट निमंत्रितांना दाखवण्यात आला. त्याचे अंतिम संकलन अजून व्हायचे आहे आणि नावही निश्चित झालेले नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांनी मोकळेपणाने मत कळवावे, अशी विनंती करण्यात आली होती. मी वीस मिनिटे मनापासून भारावून गेलो आणि शेवटच्या चार मिनिटांनी तितकाच अस्वस्थ झालो. बदल करण्यास अजून अवकाश आहे, म्हणून या दोन्ही गोष्टी तपशिलाने लिहीत आहे.

कथेचा नायक पंधरा वर्षांचा, दहावीत शिकणारा, एका पेठेतील तालमीत सराव करणारा मुलगा आहे. गावाकडच्या जत्रेत त्याची जोड लागते, हलगी कडाडते, सलामी होते आणि खडाखडी, म्हणजे सुरुवातीची हातांची झटापट, नीट सुरू होण्याआधीच प्रतिस्पर्धी त्याला ढाक हा डाव लावून चितपट करतो. कुस्ती हरल्यावर तो मंडपामागे येतो, सदरा अंगात घालता घालता एकदम कोसळतो आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागतो. तालमीतलाच एक सोबती, जो त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे आणि रोज त्याच्यासोबत जोर मारतो, मोबाईलवर त्याचे चित्रण करतो. एकोणीस सेकंदांचे ते चित्रण आधी तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाते, मग कोणीतरी त्याला गाणे जोडते, आणि दोन दिवसांत ‘रडका पैलवान’ हे नाव मुलाच्या पाठीला कायमचे चिकटते.

ते चित्रण आपल्याला एकदाही दाखवलेले नाही, आणि या चित्रपटाचे सारे बळ त्या एका निर्णयात आहे. मुलगा का रडला, हे मात्र आपण पाहिलेले असते. कुस्ती चालू असताना गर्दीत उभे असलेले त्याचे वडील निकाल लागण्याच्या क्षणीच पाठ फिरवून बाहेर चालू लागतात, आणि पाठीला माती लागलेल्या अवस्थेत आडवा पडलेला मुलगा माणसांच्या पायांमधून त्यांना जाताना पाहतो. खुराकासाठी, म्हणजे दुधासाठी, तुपासाठी, बदामासाठी घरात किती ओढाताण चालते हे त्याआधीच्या दोन छोट्या प्रसंगांतून कळलेले असते, त्यामुळे त्या पाठमोऱ्या माणसाचा रागही आपल्याला येत नाही. शहरभर फिरणाऱ्या एकोणीस सेकंदांत रडणे आहे, पण हा बाप नाही. जे हसतात त्यांना तो दिसलेला नाही आणि जो रडला त्याला तो कोणाला सांगता येत नाही. अपमान म्हणजे काय, याची इतकी नेमकी मांडणी मी अलीकडे मराठी लघुचित्रपटांत पाहिलेली नाही.

चित्रण दिसत नसले तरी ते सतत ऐकू येते. जोडलेल्या गाण्याची एक छोटी लकेर आधी केशकर्तनालयात, मग बसच्या मागच्या बाकावरून, मग शाळेच्या जिन्यात ऐकू येते आणि प्रत्येक वेळी ती मध्येच तुटते, कारण मुलगा जवळ आलेला पाहून कोणीतरी घाईने मोबाईल खिशात घालते. त्याला तोंडावर कोणी काहीही बोलत नाही. ध्वनिसंयोजन करणाऱ्याने ही तुटलेली लकेर इतक्या संयमाने वापरली आहे, की पंधराव्या मिनिटाला ती वाजत नसतानाही मी तिची वाट पाहू लागलो होतो. मुलाच्या मनात त्या वेळी काय चालले असेल हे कळण्यासाठी मला संवादाची गरज उरली नाही.

आणखी एक बारकावा सांगितलाच पाहिजे. चौथ्या दिवशी ते चित्रण मुलाच्या स्वतःच्या वर्गाच्या ग्रुपवर परत येते, तेव्हा त्याच्यावर दुहेरी बाणाची खूण असते. पाच किंवा अधिक हातांतून पुढे गेलेल्या संदेशावर व्हॉट्सअॅप अशी खूण दाखवते, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. कॅमेरा त्या खुणेवर क्षणभर थांबतो आणि पुढे सरकतो. ज्याला ती खूण ठाऊक आहे त्याला कळते, की आता हे काम एका सोबत्याचे राहिलेले नाही. तालमीच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, तो सोबती कुस्तीची पकड न सोडता मुलाच्या कानाशी म्हणतो, “मी ग्रुपवरनं काढलाय. पुढचं माझ्या हातात न्हाई.” हे वाक्य तांत्रिकदृष्ट्याही बिनचूक आहे. संदेश सर्वांसाठी काढून टाकला तरी तो त्या ग्रुपपुरता जातो, पुढे गेलेल्या आणि कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये साठवलेल्या प्रती तशाच राहतात. अपराधाची जाणीव आणि हतबलता एकाच वाक्यात आणणारा हा संवाद लिहिणाऱ्याचे मी मनापासून अभिनंदन करतो.

सर्वांत उत्तम प्रसंग आईचा आहे. तिच्याकडे साधा, बटणांचा फोन आहे. शेजारीण अंगणात येऊन म्हणते, “आवं, तुमचं पोरगं मोबाईलात आलंय की!” आई हात पुसत, कौतुकाने हसत, “बघू, बघू,” म्हणत पुढे होते. आपल्या मुलाची काहीतरी वाहवा झाली असावी, असे तिला वाटते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. ती लकेर या वेळी पहिल्यांदाच न तुटता पूर्ण वाजते, आणि ती संपल्यावर आई विचारते, “ह्याला कुणी पाणी दिलं का न्हाई?” शेजारणीच्या ठसक्यावर सभागृहात थोडे हसू उमटले होते, ते या प्रश्नासरशी थांबले. एवढ्या माणसांनी ते चित्रण पाहिले, पण हा प्रश्न एकीलाच पडला. ही भूमिका करणाऱ्या बाईंनी तो कोणताही भार न देता, रोजच्या स्वरात विचारला आहे, आणि म्हणूनच तो मला घरी आल्यावरही सोडत नव्हता.

चित्रपटातले कोल्हापूर खरे आहे. १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाचे एखादे भव्य दृश्य टाकून शहराची ओळख करून देण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला आहे, आणि रंकाळ्याची संध्याकाळही कोठे दिसत नाही. त्याऐवजी पहाटेची तालीम आहे, तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद आणि तेल मिसळणारे हात आहेत, हौदा खोऱ्याने उकरतानाचा आवाज आहे. ज्या शहरात पैलवानकीला एवढा मान आहे, तिथे पैलवानाने रडणे ही किती मोठी गोष्ट ठरते, हे त्या आवाजातूनच समजते. चित्रीकरण काही ठिकाणी अनावश्यक हलते आणि शाळेतील शिक्षकांचे संवाद पुस्तकी वाटतात, परंतु हे दोष किरकोळ आहेत.

शेवटच्या चार मिनिटांविषयी मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. शाळेत एक पोलीस अधिकारी येतात, सायबर कायद्याची कलमे सांगतात, “एकेकाला आत टाकीन,” असा दम भरतात, सर्व मुले माना खाली घालून चित्रण पुसून टाकतात, आणि पुढच्या जत्रेत आपला नायक कुस्ती मारून डोक्यावर फेटा मिरवतो. यातील कायदा चुकीचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ई हे शरीराच्या खासगी भागांच्या संमतीविना केलेल्या चित्रणासाठी आहे आणि कलम ६७बी हे बालकांच्या लैंगिक चित्रणासाठी. अंगात सदरा असलेला मुलगा रडतो आहे, हे चित्रण त्यांपैकी कशातही बसत नाही. त्रासदायक किंवा अपमानकारक संदेशांसाठी पूर्वी कलम ६६अ होते, पण त्याची भाषा अतिशय मोघम असल्याने सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ साली रद्द केले, आणि ते रद्द झाले हे योग्यच झाले. शिवाय ते चित्रण करणारा सोबती सतरा वर्षांचा आहे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. म्हणजे पडद्यावर दिलेला दम खोटा आहे, आणि या वयाच्या प्रेक्षकांना खोटा दम लगेच ओळखता येतो.

अखेरच्या पाटीवर दिलेला १९३० हा क्रमांकही मुख्यतः आर्थिक फसवणुकीच्या तक्रारींसाठी आहे. इतर सायबर गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय संकेतस्थळावर करता येते. अशा मनःस्थितीतल्या मुलाला खरी गरज १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीची आणि १४४१६ या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेची असते. पाटी बदलणे हे एका दुपारचे काम आहे, ते निर्मात्यांनी अवश्य करावे.

विजयाचा प्रसंग मला कायद्याच्या चुकीपेक्षाही अधिक खटकला. मुलगा पुढची कुस्ती जिंकतो म्हणून त्याचे रडणे विसरले जाते, असे दाखवले तर तो पुन्हा हरला असता तर लोकांचे हसणे बरोबर ठरले असते, असा अर्थ निघतो. वीस मिनिटे या चित्रपटाने नेमके याच्या उलट सांगितलेले आहे. शिवाय पाठ फिरवून गेलेले वडील या आनंदाच्या गर्दीत कोठेही दिसत नाहीत, जणू लेखकालाच त्यांचा विसर पडला आहे.

योग्य शेवट चित्रपटात आधीच आहे. विसाव्या मिनिटाला तालमीतले वस्ताद, म्हणजे कुस्तीचे गुरू, नायक आणि तो सोबती अशा दोघांच्या हातात एकेक खोरे देतात आणि काही न बोलता निघून जातात. हौद्याच्या एका टोकाकडून हा माती उकरत येतो, दुसऱ्या टोकाकडून तो. दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत. मधली न उकरलेली मातीची पट्टी हळूहळू अरुंद होत जाते, आणि ती हातभर उरलेली असताना चित्र बदलते. संकलकाने तिथेच थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तेवढा बदल झाल्यास हा चित्रपट आठवी ते दहावीच्या वर्गांत आणि पेठापेठांतील तालमींत दाखवावा. दाखवताना ध्वनीची व्यवस्था चांगली हवी, कारण ती तुटणारी लकेर मागच्या रांगेपर्यंत पोहोचली नाही तर आईच्या प्रसंगात ती पूर्ण वाजल्याचे कोणाच्या लक्षातच येणार नाही.