‘कातेना ऑरेआ’: शुभवर्तमानांवरील प्राचीन भाष्यांची साखळी, अनेक महिन्यांच्या वापरानंतर

रविवारच्या मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) वाचला जाणारा शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या जीवनकथेचा, उतारा आठवड्याच्या सुरुवातीलाच काढून ठेवावा, तो मराठी बायबलमधून सावकाश वाचावा आणि मग प्राचीन काळच्या ख्रिस्ती लेखकांनी त्याचा अर्थ कसा लावला ते पाहावे, असा क्रम मी गेले अनेक महिने पाळत आलो आहे. त्यासाठी मी मुख्यतः संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेला ‘कातेना ऑरेआ’, म्हणजे सोन्याची साखळी, हा ग्रंथ वापरतो. तो कोठे उपयोगी पडतो, कोठे अपुरा पडतो आणि वाचताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे आता मी खात्रीने सांगू शकतो.

पोप चौथे अर्बन यांच्या इच्छेवरून थॉमस यांनी हे काम हाती घेतले. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांपैकी मत्तयाचा भाग त्यांनी पोपना अर्पण केला. १२६४ मध्ये पोप निवर्तले आणि उरलेले तीन भाग कार्डिनल अन्निबाल्दो यांना अर्पण झाले. ग्रंथाची रचना साधी आहे. शुभवर्तमानातील काही ओव्या दिल्या जातात आणि त्यांच्याखाली ऑगस्टीन, ख्रिसोस्तोम, जेरोम, ओरिजेन, अंब्रोज, हिलरी, ग्रेगरी, बीड अशा लेखकांची वचने, प्रत्येकाच्या आधी त्याचे नाव घालून, एकापुढे एक ओवलेली असतात. ग्रीक लेखकांची काही भाष्ये थॉमस यांनी या कामासाठी मुद्दाम लॅटिनमध्ये भाषांतरित करून घेतली होती, त्यामुळे पश्चिमेकडील वाचकाला एरवी न दिसणारे आवाजही येथे ऐकू येतात. मी वाचतो ते इंग्रजी भाषांतर जॉन हेन्री न्यूमन यांच्या पुढाकाराने १८४१ ते १८४५ या काळात ऑक्सफर्डमध्ये प्रसिद्ध झाले. ते आज आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहे.

या ग्रंथाचे खरे सामर्थ्य कळायचे असेल, तर योहानाच्या पाचव्या अध्यायातील बेथेस्दा तळ्याकाठच्या, त्याच्या पाण्याने बरे होण्याची वाट पाहणाऱ्या आजाऱ्याचा प्रसंग काढावा. तो माणूस ३८ वर्षे पडून आहे. ऑगस्टीन यांना ही संख्या नुसती नोंद वाटत नाही. त्यांच्या विवेचनानुसार चाळीस ही पूर्णत्वाची संख्या आहे, कारण मोशे, एलीया आणि स्वतः येशू यांचा उपवास चाळीस दिवसांचा होता. आणि नियमशास्त्राची पूर्तता होते ती देवावरची प्रीती व शेजाऱ्यावरची प्रीती या दोन आज्ञांनी. ज्याच्यापाशी या दोनच गोष्टी नाहीत, त्याच्या वाट्याला चाळिसातून दोन वजा जाऊन अडतीस उरतात, आणि तोच त्याचा आजार. ख्रिसोस्तोम यांना मात्र त्याच अडतीस वर्षांत त्या माणसाची चिकाटी दिसते. दरवर्षी निराशा पदरी येऊनही तो तळ्याकाठून हलला नाही, आणि आपण मात्र दहा दिवस प्रार्थना करून फळ मिळाले नाही की थंडावतो, असे ते श्रोत्यांना सुनावतात. एक लेखक संख्येच्या मागे काय आहे ते शोधतो, तर दुसरा त्या माणसाच्या मनात शिरतो. थॉमस दोघांना शेजारी बसवतात आणि निवाडा करीत नाहीत. मला आधी ऑगस्टीन यांची आकडेमोड कृत्रिम वाटत असे. परंतु पुन्हा पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की त्या गणिताच्या शेवटी ते श्रोत्याला शेजाऱ्याचा भार उचलण्याकडेच घेऊन जातात, आणि त्यासाठी विधवेची दोन नाणी व शोमरोन्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दिलेली दोन नाणी यांचीही आठवण करून देतात.

त्या शोमरोन्याचा दाखला, लूकच्या दहाव्या अध्यायातील (लुटारूंनी घायाळ केलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी म्हणजे मंदिरसेवक टाळून जातात, पण परका समजला जाणारा शोमरोनी त्याची शुश्रूषा करतो), हा या ग्रंथाचे गुण आणि मर्यादा दोन्ही दाखवणारा उतारा आहे. ओरिजेन यांनी तिसऱ्या शतकात लूकवर दिलेल्या प्रवचनांपैकी ३९ जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरातून आपल्यापर्यंत आली आहेत आणि त्यांतील चौतिसावे याच दाखल्यावर आहे. ओरिजेन एका वडीलधाऱ्या गुरूचे मत म्हणून सांगतात की, यरुशलेमेहून खाली उतरणारा माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे हे जग, लुटारू म्हणजे वैरी शक्ती, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे आणि शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. त्याचे जनावर म्हणजे ख्रिस्ताचे शरीर, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा आणि परत येण्याचे वचन म्हणजे त्याचे दुसरे आगमन. पुढे ऑगस्टीन यांनी हीच चौकट घेतली, पण दोन नाण्यांचा अर्थ प्रीतीच्या दोन आज्ञा असा केला आणि रखवालदाराच्या जागी प्रेषित पौलाला बसवले. आजच्या वाचकाला हे सारे वाचून प्रश्न पडतो: वाटेत पडलेला खराखुरा जखमी माणूस या रूपकात हरवला का? साखळीतील तुटक वचने वाचली तर उत्तर ‘हो’ असेच येईल. पण ओरिजेन यांचे पूर्ण प्रवचन काढून वाचले, की शेवटी ते म्हणताना दिसतात की, ख्रिस्ताचे अनुकरण करणे आपल्यालाही शक्य आहे, लुटारूंच्या हाती सापडलेल्यांची दया आपणही करू शकतो, त्यांच्याजवळ जाऊन जखमा बांधू शकतो, तेल आणि द्राक्षारस ओतू शकतो, त्यांना आपल्या जनावरावर बसवू शकतो. ख्रिस्त हा शोमरोनी आहे म्हणूनच ‘तूही जाऊन तसेच कर’ या वाक्याला वजन येते, असा त्यांचा रोख आहे. या अनुभवानंतर मी एक शिस्त ठरवून घेतली: साखळीत एखादे वचन मनाला भिडले किंवा खटकले, तर ते ज्या प्रवचनातून घेतले आहे ते पूर्ण वाचल्याशिवाय त्याविषयी मत बनवायचे नाही आणि अभ्यासगटात ते उद्धृत करायचे नाही. थॉमस यांनी स्वतःच अर्पणपत्रिकेत सांगितले आहे की, लांबण टाळण्यासाठी त्यांनी वचने कापली आहेत आणि काही ठिकाणी त्यांचा क्रम बदलला आहे.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील गव्हातल्या निदणाचा (तणाचा) दाखला वाचताना तर ही शिस्त फार आवश्यक ठरते. निदण कापणीपर्यंत वाढू द्यावे, या आज्ञेवरून ख्रिसोस्तोम सांगतात की, पाखंड्यांना ठार मारण्यास प्रभूने मनाई केली आहे. एवढेच वाक्य उचलले तर ते सहिष्णुतेचे मोठे समर्थक ठरतात. पण त्याच प्रवचनात ते पुढे म्हणतात की, पाखंड्यांची तोंडे बंद करणे, त्यांचे बोलण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे आणि त्यांच्या सभा मोडणे यांना प्रभूने मनाई केलेली नाही. ऑगस्टीन यांची कबुलीही थॉमस यांनी याच ठिकाणी दिली आहे: कोणालाही बळाने ख्रिस्ताच्या ऐक्यात आणू नये, शब्दानेच आणावे, असे माझे आधीचे मत होते, पण घडलेल्या उदाहरणांनी ते बदलले. उत्तर आफ्रिकेतील दोनातुसपंथीयांशी (मुख्य ख्रिस्तसभेपासून फुटलेल्या ख्रिस्ती गटाशी) झालेल्या संघर्षातून आलेले हे वाक्य वाचताना मला दर वेळी दुःख होते, आणि तरीही ते गाळले गेले नाही याबद्दल मी थॉमस यांचा ऋणी आहे. ज्यांना आपण संत म्हणतो, त्यांची विचारांची वाट कोठे वळली हे आपल्याला दिसलेच पाहिजे.

आता उणिवा. मत्तयाच्या भागात ‘ख्रिसोस्तोम’ या नावाखाली आलेला पुष्कळ मजकूर ख्रिसोस्तोम यांचा नाहीच. तो पाचव्या शतकातील एका अनामिक लॅटिन लेखकाच्या अपूर्ण भाष्यातला आहे आणि त्या लेखकाचा कल आरियसच्या, म्हणजे ख्रिस्त हा पित्याच्या बरोबरीचा देव नाही या, मताकडे आहे. थॉमस यांच्या काळी हे माहीत नव्हते. ऑक्सफर्डच्या भाषांतरात अशा वचनांपुढे नाव वेगळे छापले आहे, म्हणून आवृत्ती निवडताना ही खूण आहे की नाही ते अवश्य पाहावे. मार्कचा भाग सर्वांत दुबळा आहे. मार्क हा मत्तयाचा संक्षेप करणारा, अशी ऑगस्टीन यांची समजूत होती आणि पहिल्या शतकांत त्याच्यावर स्वतंत्र भाष्ये जवळजवळ लिहिली गेली नाहीत. त्यामुळे येथे मुख्यतः आठव्या शतकातील बीड आणि अकराव्या शतकातील थिओफिलॅक्ट यांच्यावर भिस्त आहे, आणि प्राचीन आवाज ऐकायला आलेल्या वाचकाची निराशा होते. सुरियानी या प्राचीन भाषेतील ख्रिस्ती परंपराही येथे फारशी भेटत नाही. संत एफ्रेम यांनी तातियानच्या, चारही शुभवर्तमाने गुंफून केलेल्या, एकत्रित शुभवर्तमानावर लिहिलेले सुंदर भाष्य थॉमस यांच्या हाती नव्हते आणि त्याच्या मूळ सुरियानी पाठाचा मोठा भाग तर १९६३ मध्ये प्रथम छापला गेला.

यहुदी लोकांविषयीचा अनेक वचनांतील कठोर सूर हा वेगळाच प्रश्न आहे. तो वादविवादाच्या काळातून आला, हे खरे असले तरी त्याचे परिणाम पुढच्या शतकांत भयंकर झाले. अभ्यासगटात अशी वचने आली की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयीचा, १९६५ चा ‘नोस्त्रा एताते’ हा दस्तऐवज सोबत ठेवून वाचावीत, असे माझे ठाम मत आहे.

इंग्रजी जुन्या वळणाचे आहे आणि वाक्ये लांब आहेत. सरावाने ती अंगवळणी पडतात. विनामूल्य मिळणाऱ्या काही प्रतींत मात्र लेखकाचे नाव आणि वचन यांची सरमिसळ झालेली असते, आणि ज्या ग्रंथात कोण बोलतो आहे यावरच सगळा अर्थ अवलंबून आहे तेथे हा दोष क्षम्य नाही. अशा वेळी छापील पानांच्या छायाप्रती वापराव्यात. ज्याला एका उताऱ्याचा एकच निश्चित अर्थ हवा आहे, त्याने हा ग्रंथ घेऊ नये. प्रवचनाची तयारी करणारे धर्मगुरू, धर्मशिक्षण देणारे शिक्षक आणि चिकाटीने वाचणारे श्रद्धावंत यांनी योहानाच्या खंडापासून सुरुवात करावी, कारण तेथे ऑगस्टीन आणि ख्रिसोस्तोम यांची सलग प्रवचने थॉमस यांच्या हाताशी होती आणि दोघांचा संवाद अध्यायामागून अध्याय चालू राहतो. त्यानंतर लूक घ्यावा, मग नावांवर लक्ष ठेवून मत्तय. मार्कसाठी मी हा ग्रंथ आता उघडत नाही.