चार आण्याचा सेल आणि बाबांचं जिस्ट कार्ड : दहा महिन्यांनंतर

आज १ तारीख. बाबांच्या ४८६ चं, म्हणजे त्यांच्या जुन्या पीसीचं, घड्याळ माझ्या मोबाइलच्या पाऊण मिनिट पुढे निघालं. टाइम कमांड मारली, सरळ केलं. महिन्याला एक मिनिट इकडेतिकडे होणार हे डीएस१२८८७ या त्याच्या घड्याळाच्या चिपच्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं आहे, तेव्हा बोलायला जागा नाही. जानेवारीपर्यंत हेच मशीन रोज सकाळी 'मंगळवार, १ जानेवारी १९८०' म्हणत उठायचं. तेव्हा मी चिपला बाहेरून साधा सेल जोडला; त्या दुरुस्तीचा हा दहा महिन्यांनंतरचा हिशेब.

ही चिप ज्यांच्या बोर्डावर आहे त्यांना दुखणं ठाऊकच असेल. घड्याळ, क्रिस्टल आणि लिथियम सेल एकाच काळ्या ठोकळ्यात ओतून बंद केलेले. वायदा दहा वर्षांचा, आमची त्याहून बरीच जास्त चालली. पण सेल गेला की नुसती वेळ जात नाही, मशीन हार्डडिस्कही विसरतं. आमच्या बोर्डाला डिस्क आपोआप ओळखता येत नाही. सीमॉस सेटअपमध्ये, म्हणजे मशीनच्या सेटिंगच्या पडद्यावर, टाइप ४७ निवडून १००१ सिलिंडर, १५ हेड, १७ सेक्टर अशी डिस्कची मापं हाताने भरायची. हे आकडे बाबांनी कॅबिनेटवर स्केचपेनने लिहून ठेवले होते. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस: आंघोळ, पूजा, मग सीमॉस. आणि बाबांची रोजनिशी वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये. फायलींची यादी दाखवणारी डीआयआर कमांड मारली की सगळ्या पानांवर एकच तारीख, १-१-८०. कुठलं पान कधीचं, कळायला मार्ग नाही.

लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने चिप हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "साहेब, भंगारात द्या आणि लॅपटॉप घ्या." मी घरी येऊन ऑनलाइन दोन 'नव्या कोऱ्या' चिपा मागवल्या, ४५० रुपयाला एक. दोन्ही मेलेल्या. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर वरची पांढरी छपाई बोळ्यावर आली आणि खालून जुना शिक्का दिसला : ९३४६. म्हणजे १९९३ सालचा ४६ वा आठवडा. बाबांच्या चिपपेक्षाही वयाने मोठी! विकणाऱ्याचं उत्तर, 'वस्तू वापरलेली असल्याने परत घेता येणार नाही.' ९०० रुपये पाण्यात. पुढे वाचताना या लेखात कुठे कडवटपणा जाणवला तर तो इथला आहे.

मग ठरवलं, आता एक पैसा वर जाऊ द्यायचा नाही. ३५ रुपयांचा सीआर२०३२, म्हणजे नाण्यासारखा चपटा सेल, आणि १५ रुपयांचा होल्डर. चिप आमच्याकडे सॉकेटमध्ये होती हे नशीब, नाहीतर डिसोल्डरिंगमध्ये बोर्डाचीच वाट लागली असती. १६ नंबरची पिन सेलची ऋण आणि २० नंबरची धन. दोन्ही खाली न येता वर ठोकळ्यात वळलेल्या. बाजूने कानस घासत गेलं की आधी नुसती काळी भुकटी पडत राहते, धीर सुटायला लागतो, आणि मग अचानक मोहरीएवढा चकचकीत ठिपका दिसतो. त्यावर वायर डागली, होल्डर चिपच्याच डोक्यावर चिकटवला, मशीन चालू केलं. तारीख टिकली! त्या रात्री मी याला पाचपैकी पाच दिले असते.

सकाळी जिस्ट कार्ड बसेना.

जिस्ट कार्ड म्हणजे सी-डॅक या सरकारी संस्थेचं, पीसीत देवनागरी आणणारं कार्ड. ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याची लांबी आठवत असेल. ते नसेल तर वर्डस्टारमध्ये देवनागरी नाही, आणि देवनागरी नाही तर बाबांची रोजनिशी नाही. नेमकं त्याच स्लॉटसमोर चिप, आणि तिच्या डोक्यावर माझा होल्डर, अर्धा सेंटिमीटर उंच. दुसऱ्या स्लॉटात बसवून पाहिलं, तिथे डिस्कची केबल आडवी. इंटरनेटवर या दुरुस्तीचे फोटो पाहा, सगळ्यांचा होल्डर असाच डोक्यावर, आणि शेजारी कार्ड कुणाचंच नाही. कुणालाच कार्ड लावायचं नसतं का? अर्ध्या सेंटिमीटरपायी तीन दिवस बाबा हाताने वहीत लिहीत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी होल्डर उखडला, वीतभर वायरी जोडल्या आणि डबल साइडेड टेपने तो कॅबिनेटच्या भिंतीला लावला. दिसायला गबाळं आहे, पण सेल बदलायला कार्ड काढावं लागत नाही. तुम्ही पहिल्यापासून असंच करा.

मार्चमध्ये पुन्हा १९८०. मी सेलला शिव्या घातल्या, दुकानदाराला शिव्या घातल्या, दुसरा ब्रँड आणला. मग मीटर लावून पाहिलं तर चूक माझीच. आतला मेलेला सेल मी तोडलाच नव्हता. तो तसाच जोडलेला राहिला आणि नव्या सेलचं रक्त पीत बसला. पिनवर वायर डागाल त्याच्या वरचा भाग, जो सेलकडे जातो, तो घासून तोडायलाच हवा. एप्रिलमध्ये तोडला, तेव्हापासून सेल ३ व्होल्टच्या खाली उतरलेला नाही.

पुढे चिपबद्दलचं माझं मतही बदललं. आधी मी ठोकळ्यात सेल कोंडणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतो. मे महिन्यात एका मित्राचं ३८६ उघडलं. त्यात ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची नळकांडी बॅटरी. ती फुटून वाहिलेली, भोवतीचे ट्रॅक हिरवे होऊन खाल्लेले, कीबोर्डचं सॉकेट गेलेलं. आमचा ठोकळा मेला तो निदान मुकाट्याने मेला.

सालाचं मात्र जमलेलं नाही. आमच्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमला, १९९९ च्या पुढचं साल पचत नाही. २०२५ टाकून बंद-चालू केलं की भलतंच काहीतरी दाखवतं. म्हणून १९९७ ठेवलंय. २८ वर्षं मागे गेलं की वार तंतोतंत जुळतात. १ जानेवारीला दोन्ही सालांत बुधवारच. बाबांना समजावलं. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "मग २०२८ ला काय करशील? त्यात २८ गेले तर २००० च येतं."

ते मी बघतोय. तोवर पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या अर्ध्या सेंटिमीटरचा कापला, एक ९०० रुपयांचा.