सासूबाईंचा चरक: हाताने पिळायचं हूवर, दीड वर्ष वापरून

आधीच सांगते, हे मशीन दुकानात मिळणार नाही, तेव्हा किंमत विचारू नका. हूवर कंपनीचं कपडे धुण्याचं मशीन, 0307 मॉडेल, ब्रिटनमध्ये 1948 साली आलेलं. सासऱ्यांनी कॅम्पातल्या एका लिलावात जुनंच घेतलं होतं. सदाशिव पेठेतला वाडा पाडायला निघाला तेव्हा दोन हमालांनी ते माळ्यावरून उतरवलं आणि कोथरूडला आमच्या बाल्कनीत आणून ठेवलं. चौकोनी डबा, आत एका बाजूच्या भिंतीला फिरणारी चकती, वर रबराचे दोन रोलर आणि ते फिरवायला दांडा. घरात त्याला पहिल्यापासून 'चरक'च म्हणतात. रसवंतीत ऊस जातो तसा ओला कपडा आत जातो आणि पलीकडून पापडासारखा चपटा होऊन येतो.

पहिल्या मेकॅनिकने झाकणसुद्धा न उघडता "ताई, भंगारात घाला, मी पंधराशे देतो" म्हटलं. त्याचा डोळा मोटरमधल्या तांब्यावर होता. मी भोसरीच्या एका कारखान्यात 26 वर्षं स्टोअर्स सांभाळलं आहे. मला तांब्याचा भाव ठाऊक असतो.

मग स्वतःच बसले. इतकी वर्षं पडून असलेली मोटर थेट प्लगला लावायची नाही, हा पहिला नियम. आधी दोन दिवस ऊन दाखवलं, मग ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडून मेगर, म्हणजे मोटरच्या तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून घेतला. वाइंडिंग शाबूत निघालं. वायर मात्र हात लावताच तुकडे पडावेत अशी झाली होती, आणि वाड्यात कुणीतरी महाभागाने तिला दोन पिनांचा प्लग लावून ठेवलेला! पाणी, पत्र्याचा डबा आणि अर्थिंग नाही. तापकीर गल्लीतून तीन तारांची वायर आणली आणि त्या पॉइंटला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला. ब्रिटिश मशीन असल्याने व्होल्टेजचं लफडं नव्हतं. अमेरिकन असतं तर 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागला असता, शिवाय आपल्या 50 हर्ट्‌झवर मोटर हळू फिरली असती.

चकतीच्या शाफ्टचं सील गळत होतं. शाफ्ट इंची मापाचा आणि दुकानात सगळं मिलिमीटरमध्ये. नाना पेठेत गाड्यांच्या पार्टवाल्यांची चार दुकानं पालथी घातल्यावर पाचव्याने जुन्या डब्यातून इंची सील काढून दिलं, चाळीस रुपयांत. तिथे जाताना जुनं सील बरोबर न्या, नुसतं माप सांगून कुणी उठत नाही.

खरं दुखणं रोलरचं होतं. रबर दगड झालेलं, मधे भेगा. नवीन कुठून आणणार? मग सुचलं की छापखान्याच्या रोलरलाही रबरच चढवतात. शहरात ते काम करणारे एक काका अजून आहेत. त्यांनी विचारलं, "किती शोअर?" म्हणजे रबर किती कडक हवं. मी म्हटलं, "बटण फुटू नये इतकं." पहिल्या खेपेला कडकच झालं; टॉवेलच्या कडा कोरड्या आणि मधोमध पाणी. दुसऱ्यांदा मऊ चढवलं, ते जमलं. दोन्ही खेपा धरून सगळा खर्च 6,400.

आता वापराबद्दल. यात हीटर नाही, गरम पाणी बादलीने ओतायचं. चार-पाच मिनिटांत कपडे निघतात. कोंबून भरलं तर त्यांची वेणी पडते, दोष आपला. त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. गुरुवारी पाणी बंद असलं की याची किंमत कळते. पिळण्यात मात्र याला तोड नाही. सासूबाईंचं नऊवारी चार पदरी घडी करून लांबीने घातलं की पंख्याखाली दोन तासांत वाळतं. बटणं घडीच्या आत घ्यायची. हुक, चेन, लायक्रा यांना चरक दाखवायचा नाही. काम झालं की रोलरवरचा दाबाचा स्क्रू सैल करायचा, नाहीतर रबर एका जागी चपटं होतं. आणि पदर खोचून, मंगळसूत्र आत घालून उभं राहायचं. दांडा आपल्याच हातात असतो म्हणून निदान थांबता तरी येतं. मोटरवर फिरणाऱ्या रोलरमध्ये बोटं गेली की हात कोपरापर्यंत ओढला जातो.

नोकरी करणाऱ्या बाईने या फंदात पडू नये. बटण दाबून ऑफिसला जाता येत नाही, समोर उभं राहावं लागतं. आमच्याकडे रोजचे कपडे ऑटोमॅटिकमध्येच जातात. चादरी, टॉवेल, धोतरं आणि नऊवारी चरकात.

रोलरचा आणखी एक जोड करून ठेवणार आहे. रबरवाल्या काकांचं वय 78, आणि मुलगा आयटीत.