अंदमान ते पंचवटी: घडीच्या व्हीलचेअरचा वापरानंतरचा अनुभव

पुढचं डावं चाक जुलैमध्ये जाम झालं, तेही आई खुर्चीत बसलेली असताना, पंचवटीत भर रस्त्यात. चाल हळू होती आणि कमरेचा पट्टा लावलेला होता म्हणून ती पुढे फेकली गेली नाही. त्यानंतर कंपनीच्या सर्व्हिस विभागाशी जे झालं त्याने डोकं इतकं तापलं की हे सगळं लिहून काढायचंच ठरवलं. खुर्ची वाईट नाही. चांगली आहे, आणि म्हणूनच चाळीस-पन्नास रुपयांच्या बेअरिंगपायी तिची वाट लागावी याचा जास्त राग येतो.

अॅल्युमिनियमची, बारा इंची मागच्या चाकांची, दुसऱ्याने ढकलायची खुर्ची आहे. बाकी मापं, वजनं सगळीकडे दिलेली आहेत, ती पुन्हा लिहीत नाही. घेतली ती नाताळच्या सुट्टीतल्या अंदमानच्या सहलीसाठी. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. घरात चालते, पण दहा-पंधरा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. सोबत मी आणि बायको, ताई-दाजी, माझा कॉलेजातला मुलगा, भाची-जावई आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी. चार पिढ्या. सगळ्यांना समुद्र हवा होता, आईला फक्त सेल्युलर जेल. तिचं माहेर सावरकरांच्या भगूरच्या जवळचं. सावरकर, कान्हेरे, १९०९ सालचं नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाचं प्रकरण हे तिने पुस्तकात नंतर वाचलं, आधी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं. तरी खुर्चीचं नाव काढल्यावर ती म्हणाली, "मी काय गाठोडं आहे का ढकलत न्यायला? तुम्ही जाऊन या, फोटो दाखवा." ताईने ऐकलं नाही, आणि खुर्ची मागवली.

विमान कंपनी व्हीलचेअर देते, मग स्वतःची कशाला, असं दाजींचं म्हणणं होतं. ती मदत मिळते आणि फुकट मिळते, पण विमानतळाच्या दारापर्यंतच. तिथून पुढे जेटी, बोट, तुरुंग, किनारा, हॉटेलचा जिना हे सगळं तुमचं तुम्ही. स्वतःची खुर्ची सामानाच्या वजनात धरत नाहीत, त्यामुळे माणशी पंधरा किलोच्या हिशेबात तिची अडचण झाली नाही. एकच करा: पाय ठेवायच्या दोन्ही पट्ट्या काढून हातातल्या बॅगेत घ्या. खुर्ची सामानाच्या पट्ट्यावरून येते, आणि सुट्या निघणाऱ्या भागांनाच आधी मार बसतो.

हँडलच्या ब्रेकबद्दल सांगायलाच हवं. स्वस्तातल्या खुर्च्यांना फक्त चाक अडकवून ठेवायचा खटका असतो, ढकलणाऱ्याच्या हातात ब्रेक नसतो. हिच्या दोन्ही हँडलांना सायकलला असतात तसे ब्रेक आहेत. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमच्या जेटीवर त्याची किंमत कळली. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीचा डेक वर-खाली होतो, त्यामुळे बोटीत जायच्या फळीचा उतार दर वेळी वेगळा. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवायची, आपण खाली आणि माणसाचं तोंड वरच्या बाजूला, आणि ब्रेक अर्धा दाबून पाऊल-पाऊल उतरायचं. स्वराजद्वीपला, म्हणजे हॅवलॉकला उतरताना जावयाने आईला असंच उतरवलं. बोटीवरचे लोक मदतीला येतात, पण ते घाईत असतात आणि हात घालतात तो नेमका खुर्चीच्या सुट्या निघणाऱ्या हातावर. खुर्ची धरायची ती खालच्या चौकटीला, हे त्यांना आधीच सांगा.

सेल्युलर जेल ही खुर्चीची खरी परीक्षा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. अंगण, फाशीघर, कोलू हे सगळं खाली आहे, तिथे खुर्ची सहज फिरते. सावरकरांची कोठडी मात्र सगळ्यात वरच्या मजल्यावर, रांगेच्या टोकाला. मी मनाशी ठरवलं होतं की आईला खालीच थांबावं लागेल. तिने ठरवलं नव्हतं. ताईचा हात धरून एकेक पायरी, मध्ये टेकत, पुन्हा एकेक पायरी. माझा मुलगा घडी केलेली रिकामी खुर्ची एका हातात घेऊन पुढे वर गेला. जुन्या लोखंडी खुर्चीचं वजन याच्या जवळजवळ दुप्पट भरतं, ती अशी नेता आली नसती. वर पोचल्यावर आई बसली आणि व्हरांड्यातून, एकामागून एक कोठड्यांच्या समोरून, टोकापर्यंत बसून गेली. पाय दमलेले नव्हते म्हणून कोठडीशी तिला हवा तेवढा वेळ थांबता आलं. भाचीला तिने सांगितलं की सावरकरांचे थोरले भाऊ बाबारावही ह्याच तुरुंगात होते, आणि दोन इमारती अशा बांधल्यात की एकीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येते, कोणाला कोण दिसायला नको. या सगळ्यात मागे कुठे खुर्ची आहे हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. नऊ-साडेनऊ हजार रुपये मला तिथेच वसूल झाले.

समुद्रावर गोष्ट वेगळी. राधानगर किनाऱ्यावर समुद्री मोहाच्या उंच झाडांखालून जाईपर्यंत ठीक, कोरडी वाळू लागली की पुढची छोटी चाकं रुततात आणि खुर्ची जागची हलत नाही. ढकलू नका. खुर्ची मागे कलती करा, पुढची चाकं उचला आणि मागच्या दोन चाकांवर उलटी ओढत न्या. पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर ती पुन्हा नीट चालते. आईचे पाय पाण्यात गेले, पणती तिच्या मांडीवर, लाट आली की दोघींचा एकच आरडाओरडा. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं नाशिकच्या कितीतरी पूर्वेला, सूर्याच्या हिशेबाने सव्वा तासाचा फरक. तेव्हा आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर तीन वाजताच किनाऱ्यावर पोचा, परतताना वाळूतून खुर्ची ओढायची ती उजेडात. शहीदद्वीपच्या, म्हणजे नील बेटाच्या नैसर्गिक पुलाकडे खुर्ची नेऊच नका, ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरून चालावं लागतं. तिथे आई आणि बायको वरच थांबून नारळपाणी प्यायल्या.

रोज संध्याकाळी हॉटेलवर मी खुर्ची गोड्या पाण्याने पुसून, कोरडी करून ठेवत होतो. सातपूरला मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलंय, खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे मला कोणी शिकवायला नको. परत आलो तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

फेब्रुवारीत पुढून किरकिर सुरू झाली. एप्रिलमध्ये डावं चाक थरथरायला लागलं. एव्हाना खुर्चीचा वापर वाढला होता, कारण अंदमानमुळे आईची भीड मोडली होती. वणीला सप्तशृंगीच्या गडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीने जाऊन आली, भावाच्या नातीच्या लग्नाला गेली, गंगापूर रोडला भाजी घ्यायलाही येऊ लागली. इथे बारा इंची चाकांबद्दलचं माझं मत बदललं. तुरुंगाच्या जिन्यावर आणि टॅक्सीच्या डिकीत ती बरी, पण सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या आपल्या रस्त्यांवर प्रत्येक चर जाणवतो. रोज बाहेर न्यायचं असेल तर चोवीस इंची मागची चाकं घ्या, जड पडली तरी. प्रवास आणि घर एवढंच असेल तर हीच योग्य.

जुलैमध्ये चाक जाम झाल्यावर कंपनीला फोन केला. फोटो मागवले, पाठवले. व्हिडिओ मागवला, पाठवला. मग उत्तर आलं की खाऱ्या पाण्याशी संपर्क आल्यामुळे वॉरंटी लागू नाही, पुढच्या चाकांचा पूर्ण जोड बदलावा लागेल, साडेतीन हजार, माणूस पुण्याहून येणार त्याचा खर्च वेगळा. खुर्चीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त! आणि ज्या खोक्यातून ही खुर्ची आली त्यावर चित्र कशाचं आहे? समुद्रकिनाऱ्यावर खुर्चीत बसलेली आजी आणि शेजारी नातू. मी त्या खोक्याचा फोटो काढून पाठवला. त्यावर आजतागायत उत्तर नाही.

मग चाक घरी खोललं. तेरा नंबरच्या पान्याने नट सुटतो, आस बाहेर येतो, आत दोन बेअरिंगं आणि मध्ये एक नळी. ड्रिफ्टने, म्हणजे बोथट दांड्याने, पलीकडून हलके ठोकले की बेअरिंग निघतं. आतून तांबडं पाणी आलं. बेअरिंग ६०८ नंबरचं, आठ मिलिमीटर भोक, बावीस बाहेरून, सात जाडी. जगात सगळीकडे मिळणारी वस्तू. पण कंपनीने बसवलंय झेडझेड, म्हणजे दोन्ही बाजूंना धातूची झाकणं असलेलं. ही झाकणं आतल्या रिंगला टेकत नाहीत, बारीक फट राहते. धूळ थांबते, पाणी थांबत नाही. त्याच नंबरमध्ये २आरएस येतं, दोन्ही बाजूंना रबरी सील, ते आतल्या रिंगला टेकून बसतं. थोडं जड फिरतं, पण माणसाच्या चालीच्या वेगाला त्याने काहीही फरक पडत नाही. किमतीतला फरक दोन-चार रुपयांचा. ज्या वस्तूवर कोणाची तरी आई बसणार आहे तिथे हे दोन-चार रुपये वाचवले गेले, हे मला पटूच शकत नाही. रस्त्यावरचं पावसाचं पाणी, बाथरूमबाहेरचं पाणी, रोजची ओली फरशी हे तर आपल्या घराघरात आहे, त्यासाठी अंदमानला जायची गरज नाही.

एमआयडीसीतल्या दुकानातून रबरी सीलची बेअरिंगं आणली. दोन्ही चाकांची चार, आणि चाकाचा चिमटा ज्या उभ्या दांड्यावर फिरतो त्याची चार, कारण खाली खराब झाली तर वरची मागे राहणार नाहीत. सगळं मिळून चारशे रुपयांच्या आत. नट आवळताना जपा: फार घट्ट केलात तर चाक अडतं, सैल ठेवलात तर थरथरतं. चाक हाताने फिरवलं की सुटं फिरावं आणि आडवं हलवलं की हलू नये, एवढं बघून थांबा. नट आत नायलॉनची रिंग असलेला आहे, एकदा काढल्यावर नवीनच लावा. गंज सोडवायचा पातळ स्प्रे बेअरिंगमध्ये मारू नका, आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि महिनाभरात पुन्हा आवाज सुरू होतो. आता चाकं पाण्यासारखी फिरतात. आईच म्हणाली की आता अंगाला हादरा कमी बसतो.

बाकी बारीकसारीक. नायलॉनचं सीट काही महिन्यांत मधोमध खाली बसतं, कंबर दुखायला लागते. मी मापाची प्लायवूडची फळी टाकून वर दोन इंची फोमची गादी शिवून घेतली. ब्रेकची तार आता थोडी ओढून घट्ट करावी लागली, त्याची सोय हँडलजवळच आहे. मागच्या खिशात औषधं, पाण्याची बाटली, पणतीची डायपरं मावतात, पण जास्त भरलं आणि माणूस उठला की खुर्ची मागे पडते. चौकटीला कुठेही गंज नाही, वेल्डिंग पक्कं आहे. ज्याने चौकट बनवली त्याने मन लावून बनवली आहे.

आज मी पाचपैकी साडेतीन देतो, दीड पूर्ण बेअरिंगचा कापून. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, मागणी बेअरिंगच्या खर्चाची नाही, खोक्यावरचं चित्र बदला किंवा बेअरिंग बदला एवढीच आहे. तुम्हाला हीच किंवा अशी कोणतीही खुर्ची घ्यायची असेल तर दुकानात पुढचं चाक उचला आणि आसाच्या बाजूने आत बघा. चकचकीत धातूची चकती दिसली तर दुकानदाराला तिथल्या तिथे सांगा की रबरी सीलची बेअरिंगं बसवून दे, मगच पैसे. ऑनलाइन मागवली असेल तर पहिल्या प्रवासाच्या आधी स्वतः बदलून घ्या, कोणताही सायकलवाला अर्ध्या तासात करून देतो.