फिरत्या तारांगणातला ‘उबदार मंगळ’: तिकिटाचे पैसे वसूल, उत्तर मात्र अर्धवट

बेळगावच्या शहापूर भागातील एका शाळेच्या सभागृहात सध्या बाहेरगावच्या एका संस्थेने फुगवता येणारा घुमट उभारून फिरते तारांगण चालवले आहे. मंगळाचे वातावरण तापवून तो ग्रह राहण्याजोगा करता येईल का, हा त्यातील मुख्य खेळाचा विषय आहे. चाळीस मिनिटांचा खेळ, त्यानंतर प्रश्नोत्तरे आणि माणशी ऐंशी रुपये तिकीट, असे त्याचे स्वरूप आहे. कन्नड आणि इंग्रजी खेळांच्या जोडीला मराठी खेळही रोज ठेवला आहे, ही सीमाभागातील पालकांची मोठीच सोय असून येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी या बाजूची मुले किती आली आहेत हे रांगेतच दिसत होते. मराठी खेळाला नेमकी भर जेवणाची वेळ का दिली, हे आयोजकच जाणोत.

चित्रांच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. सुमारे चार हजार किलोमीटर लांबीची व्हॅलेस मरिनेरिस ही दरी डोक्यावरून सरकू लागली तेव्हा मुलांचा गलबला आपोआप थांबला. घुमटाच्या कडेला चित्र किंचित पुसट होते, म्हणून शक्यतो मधोमध बसावे. बैठक सतरंजीवर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगितल्यास खुर्ची मिळते.

खेळाचा पूर्वार्ध मला मनापासून आवडला. मंगळाची हवा जवळजवळ 95 टक्के कार्बन डायऑक्साइड असूनही तिथले सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास का, हा प्रश्न निवेदकाने आधी मुलांवरच सोडला आणि मग सावकाश उलगडला. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पृथ्वीपेक्षा मंगळावरच हा वायू कितीतरी जास्त आहे. परंतु तिथला हवेचा दाब सरासरी सहा मिलिबार, म्हणजे आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने हा वायू उष्णतेच्या लहरींचा फारच अरुंद पट्टा अडवतो, आणि त्याला साथ देणारी पाण्याची वाफही जवळपास नाही. त्यामुळे आपल्या वातावरणामुळे पृथ्वीला सुमारे 33 अंशांची ऊब मिळते, तर मंगळाला जेमतेम पाच-सहा अंशांची. ही गोष्ट इतक्या सोप्या मराठीत सांगितलेली मी क्वचितच ऐकली आहे.

उत्तरार्धात मात्र गाडी घसरते. ध्रुवांवरचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड वितळवायचा, त्याने दाब आणि ऊब वाढवायची, वाढलेल्या उबेने जमिनीत मुरलेला वायू बाहेर काढायचा आणि हे चक्र पुढे आपले आपण फिरेल, ही मांडणी खेळात मोठ्या थाटात येते. इलॉन मस्क यांनी 2015 मध्ये सुचवलेले ध्रुवांवरचे अणुस्फोटही त्यात आहेत, आणि अर्थात टाळ्या त्यांनाच पडल्या. परंतु ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या ग्रहशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये मंगळावरील यानांच्या निरीक्षणांवरून मांडलेला हिशेब खेळात कुठेच नाही. त्या हिशेबाप्रमाणे ध्रुवांवरचा सगळा साठा मोकळा केला तरी दाब फार तर दुप्पट होतो, आणि हाताशी येण्याजोगे इतर साठे धरूनही तो वीस मिलिबारच्या आसपासच थांबतो. तापमानात दहा अंशांचीही भर पडत नाही. ज्या भांडवलावर सगळा बेत उभा आहे ते भांडवलच तिथे नाही, एवढे एक वाक्य घातले असते तर खेळ प्रामाणिक झाला असता.

उलट, जी अडचण निवेदकाने ठासून सांगितली ती तितकीशी खरी नाही. सौर वाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताने, नवे वातावरण लगेच उडून जाईल, असे तो म्हणाला. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मेव्हन यानाच्या मोजणीनुसार मंगळाचा वायू सेकंदाला सुमारे 100 ग्रॅम या वेगाने अवकाशात निसटतो. अब्जावधी वर्षांत त्याने ग्रह उघडा पडला हे खरे, पण माणसाच्या कालमानात ही गळती नगण्य आहे. निवेदक सौर वाऱ्याचे सांगत असतानाच उशिरा आलेल्या कोणीतरी दाराची चेन उघडी ठेवली आणि घुमटाचे छत हळूहळू आमच्या डोक्यावर लोंबू लागले. गळती मोठी की भरणा मोठा यावरच सगळे ठरते, हे समजावण्याची याहून चांगली संधी त्याला मिळाली नसती, पण तो घुमटात हवा भरणाऱ्या ब्लोअरकडे धावला.

2024 मधील नवी कल्पना मात्र खेळात आहे, आणि चांगली चितारली आहे. लोह किंवा ॲल्युमिनियमच्या, उष्णता अडवून धरणाऱ्या, सुमारे नऊ मायक्रोमीटर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या नऊपट) लांबीच्या कांड्या सेकंदाला तीस लिटर या प्रमाणात वर्षानुवर्षे हवेत सोडत राहिल्यास तापमान 30 अंशांहून अधिक वाढू शकेल, असे ते गणित आहे. त्या कांड्या मंगळावरच्या धातूंतूनच घडवायच्या आहेत, हे त्यातले खरे चातुर्य. एअरोजेलचा, म्हणजे उजेड आत सोडून उष्णता अडवणाऱ्या अतिशय हलक्या पदार्थाचा, दोन-तीन सेंटिमीटरचा थर जमिनीवर पसरून निवडक जागाच तापवण्याची 2019 मधील सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते; तिला खेळात जागा मिळालेली नाही.

प्रश्नोत्तरांत उचगावकडच्या एका काकांनी विचारले, “मातीबी आपल्यासारखी लालच दिसते, मग उबारा आला की रताळी होतील काय ओ तिथं?” निवेदक हसून म्हणाला, “का नाही, काका, नक्की होतील!” या उत्तराचे गुण मी कापतो. मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार असल्याचे फीनिक्स यानाने 2008 मध्येच दाखवले आहे. ते धुऊन काढल्याशिवाय त्या मातीत पीक घेऊन खाणे धोक्याचे आहे. शिवाय हवेचा दाब 63 मिलिबारच्या खाली असेल तर शरीराच्या तापमानालाच पाणी उकळते, म्हणजे वर सांगितलेल्या वीस मिलिबारच्या हवेत थंडी थोडी कमी झाली तरी दाबाचा पोशाख अंगावरून उतरवता येणार नाही. प्राणवायूचा प्रश्न तर वेगळाच आहे. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी या उपकरणाने मंगळाच्या हवेतून प्राणवायू काढून दाखवला खरा, पण सोळा वेळा चालवून मिळालेला एकूण प्राणवायू 122 ग्रॅम भरला. एका माणसाला दिवसाला त्याच्या कितीतरी पट लागतो.

आठवीच्या पुढच्या मुलांना हा खेळ जरूर दाखवावा. लहान मुले अंधारात कंटाळतात. शाळांनी गटाचे आरक्षण करताना प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे जास्तीची मागून घ्यावीत, आणि सोबत जाणाऱ्या विज्ञानाच्या शिक्षकांनी 2018 च्या हिशेबाविषयी निवेदकाला मुलांसमोरच विचारावे.