हार्ड डिस्कचे क्लोनिंग की नव्या लॅपटॉपवर नवी मांडणी?

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले, तेव्हापासून जुना लॅपटॉप बाजूला ठेवून नवा घेणाऱ्या अनेकांपुढे एकच प्रश्न आहे: जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या यंत्रात उतरवावी (म्हणजे क्लोनिंग करावे), की नव्या यंत्रातील विंडोज ११ तसेच ठेवून फक्त आपल्या फाइली तिकडे न्याव्यात (म्हणजे नवी मांडणी करावी)?

क्लोनिंगचे आकर्षण समजण्यासारखे आहे. डेस्कटॉपवरील फाइलींपासून प्रिंटरच्या सेटिंगपर्यंत सर्व काही जागच्या जागी राहते आणि एकही प्रोग्राम पुन्हा टाकावा लागत नाही. वेळही फार लागत नाही. डिस्कवर ३०० जीबी मजकूर असेल आणि जुनी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० एमबी वेगाने वाचत असेल, तर साधारण ५० मिनिटांत काम होते; मात्र तीच डिस्क यूएसबी २.० केसिंगमध्ये घालून जोडल्यास दोन तासांहून अधिक वेळ लागतो. त्याच लॅपटॉपमधील हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली वेगवान डिस्क) बसवायची असेल, तर क्लोनिंगइतका सोपा मार्ग नाही, आणि तिथे मी दुसरा पर्याय सुचवणारही नाही.

यंत्रच बदलते तेव्हा मात्र हिशोब बदलतो. जुन्या विंडोजमधील ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, जुन्या मदरबोर्डसाठी (मुख्य सर्किट बोर्डसाठी) असतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये स्टोरेजचे नियंत्रण व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेकडे असते. तिचा ड्रायव्हर क्लोन केलेल्या विंडोजमध्ये नसल्यास सुरुवातीलाच चुकीचा संदेश देणारा निळा पडदा येतो आणि विंडोज सुरू होत नाही. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची असेल, तर केवळ यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या नव्या लॅपटॉपला ती चालत नाही आणि आधी एमबीआर-टू-जीपीटी हे साधन वापरून तिचे नव्या जीपीटी पद्धतीत रूपांतर करावे लागते. जुन्या लॅपटॉपसोबत निर्मात्यामार्फत आलेला विंडोजचा परवाना (ओईएम परवाना) त्या मदरबोर्डशी बांधलेला असतो, तर नव्या लॅपटॉपचा परवाना त्याच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच साठवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) असतो. त्यामुळे जुने विंडोज प्रो आवृत्तीचे आणि नवा परवाना होम आवृत्तीचा असेल, तर सक्रियीकरण अडते. शिवाय विंडोज १०च क्लोन केले, तर ज्या कारणासाठी नवा लॅपटॉप घेतला तेच कारण मागोमाग येते, आणि कंपनीने दिलेले विंडोज ११ व त्याचे रिकव्हरी पार्टिशन (विंडोज पूर्ववत करण्यासाठी राखलेला डिस्कचा भाग) पुसले जाते ते वेगळेच.

नव्या मांडणीत कष्ट आहेत, हे मान्य करायला हवे. एखादा दिवस प्रोग्राम टाकण्यातच जातो, आणि काय राहून गेले ते आठवड्याभराने कळते. सर्वाधिक काळजी यूजर फोल्डरच्या बाहेर असलेल्या गोष्टींची घ्यावी लागते. टॅली या हिशोबाच्या प्रोग्रामचा डेटा बहुधा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो आणि त्याचा परवाना जुन्या संगणकावर आधी सरेंडर (परत) करून मगच नव्यावर सक्रिय करावा, म्हणून जुने यंत्र चालू असतानाच हे काम उरकणे शहाणपणाचे ठरते. मराठीत लेखन करणाऱ्यांनी फॉन्टकडे विशेष लक्ष द्यावे. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या, युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धती रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता होऊन दिसतो. वर्षानुवर्षांचे काम नष्ट झाल्यासारखे वाटून माणसे हवालदिल होतात, प्रत्यक्षात फक्त फॉन्ट यायचा राहिलेला असतो.

म्हणून माझे मत नव्या मांडणीच्या बाजूने आहे, एक अपवाद सोडून. ज्याचा इन्स्टॉलर हरवला आहे किंवा ज्याचा निर्माता आता उरलेला नाही, असा एखादा प्रोग्राम तुमच्या उपजीविकेचा आधार असेल, तर क्लोनिंगचा खटाटोप सार्थ आहे. तेव्हा क्लोनेझिला हे मोफत साधन उपयोगी पडते; मात्र त्यासाठी नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी, अन्यथा आधी पार्टिशन लहान करावे लागते. मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य कोणते हे डिस्कचे मॉडेल व क्षमता वाचून दोनदा ताडून पाहावे, कारण येथे अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

दोन्ही मार्गांत आधी दोन गोष्टी कराव्यात. बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये डिस्कची प्रकृती पाहावी. खराब सेक्टर (डिस्कचे नीट वाचता न येणारे भाग) वाढलेले दिसले, तर क्लोनिंगचा विचार थांबवून सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइली बाहेर काढाव्यात. स्थलांतर झाल्यावर जुनी डिस्क पुसण्याची घाई करू नये. नव्या लॅपटॉपवर आपला सर्वांत जुना मराठी दस्तऐवज उघडावा, त्यातील जोडाक्षरे तपासावीत आणि एक पान छापून पाहावे.